अंबाडीची कांडी आणि घरच्या बाईची मजुरी

(जिल्हा मेळाव्याच्या महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. आता मला विषय दिलाय बर्फाच्या कांडीचा. मागच्या रांगेतले काही भाऊ चहाला उठायच्या बेतात आहेत, ते मला इथून दिसतंय. बसा. माझाही विषय चहाचाच आहे. (हशा) फरक एवढाच, की हा चहा पत्तीचा नाही, अंबाडीच्या लाल फुलांचा आहे. आणि तो बशीत ओतून फुरकायचा नाही, गोठवून चोखायचा आहे.

कोणी तिला गारेगार म्हणतं, कोणी आईसकांडी, नळीत भरलेली असली की पोरं पेप्सी म्हणतात. चैत्र-वैशाखात गावात सायकलवर, मोटारसायकलवर पेटी बांधून माणूस येतो आणि पाच-पाच रुपये गोळा करून जातो. पेटीत काय असतं? पाणी, साखर किंवा सॅकरिन, रंग आणि वास. पाणी कुठलं, ते विचारायचं नाही. ज्या महिन्यांत आपल्या घरात रुपया नसतो, कापूस विकून झालेला, ज्वारी कणगीत आणि पेरणीचं कर्ज डोक्यावर, त्याच महिन्यांत गावातला हा सुटा पैसा पाण्याच्या बदल्यात बाहेर जातो. आणि ज्या वस्तूची चांगली कांडी होते, ती वस्तू आपल्याच धुऱ्यावर पिकते.

आधी अंबाडी कोणती ते बघू. आपण दोन वेगळ्या झाडांना एकच नाव देतो. एक हिरव्या दांड्याची, दोरासाठी लावतो ती. तिच्या बोंडावर बारीक लव असते, पाकळी पातळ असते. तिचा दोर चांगला, कांडी नाही. दुसरी लाल दांड्याची. तिचं फूल गळून पडलं की खालचं हिरवं पुष्पकोश फुगतं, गुबगुबीत आणि लालबुंद होतं. आपण त्यालाच फूल म्हणतो. आंबट चटणी, सरबत त्याचंच करतो. आपल्याला हवी ती ही. नायलॉनचा दोर आला आणि घरची सुतळी गेली, तशी दोन्ही अंबाड्या वावरातून कमी झाल्या. राहिली ती भाजीपुरती. ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाणाऱ्या घरातसुद्धा मार्गशीर्षात लाल बोंडं झाडावरच वाळतात, हे मी गावोगाव बघते.

हीच लाल अंबाडी सुदानच्या कोर्दोफान भागातला शेतकरी लावतो. जमीन रेताड, पाणी फक्त पावसाचं, शेजारी बाजरी, ज्वारी, तीळ, भुईमूग. म्हणजे आपलाच कोरडवाहू भाऊ. तिकडे तिला कर्कदे म्हणतात. वाळलेल्या पाकळ्या अल-ओबेदच्या बाजारात येतात आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं जर्मनीला जात आला. तिथे त्याच्या कागदी पुड्या होतात, डब्यात बसतात आणि औषधी चहा म्हणून विकल्या जातात. एप्रिल 2023 मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि कोर्दोफानही त्यात होरपळला. पण युद्ध नव्हतं तेव्हाही पाकळी वाळवणारा आणि पुडी बांधणारा यांच्या कमाईतलं अंतर काय असेल, ते कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आता दुसरं उदाहरण बघा. मेक्सिकोत हीच पाकळी आहे, नाव हमाइका. गेरेरो प्रांतात ती मोठ्या प्रमाणावर पिकते. तिचं गार सरबत घराघरात, खानावळीत असतं आणि काडीवर गोठवलेली कांडीही असते. तिला तिथे पालेता म्हणतात. मिचोआकान प्रांतात तोकुंबो नावाचं एक लहान गाव आहे. त्या गावची माणसं विसाव्या शतकात शहरोशहरी गेली आणि त्यांनी कांड्यांची दुकानं टाकली. भावाने भावाला बोलावलं, मामाने भाच्याला शिकवलं. आज मेक्सिकोभर मिचोआकानच्या नावाने कांड्या विकल्या जातात आणि तोकुंबोच्या वेशीवर पुतळा आहे तो राजाचा नाही, पुढाऱ्याचा नाही, भल्या मोठ्या कांडीचा. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमध्ये याच सरबताला बिसाप म्हणतात. तिथल्या बाया ते लहान पिशव्यांत गोठवून घराच्या दारातून विकतात. तेव्हा मी काही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून नवी वस्तू काढून आणलेली नाही. जगातली कोरडवाहू माणसं हे करतात. आपण करत नाही.

वावरातली काळजी

कृती सांगायच्या आधी एक सांगते, आणि हे भावांनीही ऐकायचं आहे. अंबाडी ही कापसाच्याच कुळातली. भेंडी, अंबाडी, कापूस ही चुलत भावंडं. म्हणून कापसाच्या पट्ट्यात लावलेल्या अंबाडीवर दोन संकटं येतात. पहिलं, फवारणी. कापसावर जे मारता ते वाऱ्याने अंबाडीवर जातं. बोंड तर तुम्ही खाणार, पोरांना देणार. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. ते विष काय असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. फवारलेल्या कापसात किंवा त्याला लागून असलेल्या अंबाडीची पाकळी कांडीला घ्यायची नाही. धुऊन घेतली तरी नाही, कारण काही औषधं झाडाच्या आत शिरतात. खाण्याची अंबाडी ज्वारीच्या बाजूला लावा, परसात लावा, विहिरीजवळ लावा. घरच्या वापराला आणि थोड्या विक्रीला पंचवीस-तीस झाडं रग्गड होतात.

दुसरं संकट किडीचं. कापसावरची ठिपक्यांची बोंडअळी, पिठ्या ढेकूण, शेंदरी बोंडअळी या कुळातल्या झाडांवर वस्ती करतात. म्हणून बोंडं काढून झाली की अंबाडीचे सोट उभे ठेवायचे नाहीत. पऱ्हाटी जशी वेळेवर उपटायची, तशीच अंबाडी उपटायची. कांडीपायी पुढच्या वर्षीची अळी घरात पोसली, असं व्हायला नको.

पेरा मृगात-आर्द्रात, पहिल्या चांगल्या पावसावर. दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलावर येतं. लवकर पेरलं तर झाड मोठं होतं आणि बोंडं जास्त लागतात. उशिरा पेरलं तर हातभर झाड आणि चार बोंडं. फूल गळल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पाकळी भरलेली, मऊ आणि लाल असते. तेव्हाच तोडायची. तशीच राहिली की ती चिवट होते आणि आतलं बी तडकतं. देठाकडून गोल काप द्यायचा आणि आतली बियांची हिरवी बोंडी बोटाने ढकलून काढायची. पाकळी सावलीत, वरून पातळ कापड टाकून वाळवायची. कडक उन्हात रंग उडतो. हातात घेतल्यावर कडकन मोडली म्हणजे वाळली. दहा किलो ओल्या पाकळीची सुमारे एक किलो सुकी होते. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ती चैत्रापर्यंत आरामात टिकते. ओल लागली की बुरशी येते, मग फेकायची, चाळून वापरायची नाही.

काढा, साखर आणि बर्फ

आता चुलीकडे या. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, पितळेचं बिनकल्हईचं तर नकोच. अंबाडी चिंचेसारखी आंबट आहे, आंबट पदार्थ धातू खातो. कुल्फीचे जुने ॲल्युमिनियमचे साचे दुधाच्या कुल्फीला चालतात, अंबाडीला चालत नाहीत. स्टीलचे लहान पेले किंवा अन्नासाठी बनवलेले झाकणाचे साचे घ्या.

एक लिटर पाणी घ्या. त्यात गवती चहाची तीन-चार पानं गाठ मारून टाका, आवडत असेल तर आल्याचा तुकडा ठेचून टाका आणि पाणी खळखळून उकळू द्या. पाच मिनिटं उकळलं की भांडं खाली उतरवा आणि मग त्यात सुकी पाकळी टाका, तीस ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन मुठी. झाकण ठेवा. पंधरा मिनिटांनी फडक्यातून गाळा. पाकळी पाण्याबरोबर खदखदा उकळायची नाही, रंग काळपट होतो आणि चव तुरट येते. नुसतं प्यायचं असतं तर पंधरा ग्रॅम पुरती. पण गार जिभेला चव कमी लागते, म्हणून कांडीचा काढा दाट करायचा.

साखर लिटरला दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅम. इथे बाया दोन्ही बाजूंनी चुकतात. साखर कमी टाकली की कांडी दगडासारखी होते. पोरगं दोनदा चोखतं, रंग आणि गोडी निघून येते आणि हातात पांढरा बर्फ राहतो. जास्त टाकली की ती घट्ट जमतच नाही, काडी सुटते. कारण साखर पाण्याला गोठू देत नाही. गरम असताना चाखून बघाल तर थोडी जास्त गोड वाटली पाहिजे, गोठल्यावर ती बरोबर होते. चिमूटभर मीठ टाका, आंबटपणा खुलतो. गूळही चालतो. चव छान येते, पण लाल रंग मातकट होतो. घरी खायला गूळ, विकायला साखर, असं मी सांगेन. रंगाची पुडी कशालाच लागत नाही.

खारपाणपट्ट्यातल्या बायांना एक अनुभव येईल. काढा लाल होण्याऐवजी जांभळट, मळका होतो. पाकळी खराब नसते, पाणी खारट असतं. अर्धं लिंबू पिळा, रंग परत येतो. मात्र एक ध्यानात ठेवा. उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत. ज्या बोअरचं पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य ठरलंय, त्याची कांडीही करायची नाही.

आणि ज्यांना वाटतं की गोठवलं म्हणजे जंतू मेले, त्यांनी ते डोक्यातून काढून टाका. बर्फात जंतू झोपतात, मरत नाहीत. पोटात गेले की जागे होतात. म्हणून गाळायचं फडकं उकळलेलं, साचे धुऊन उन्हात वाळवलेले आणि काढा गार होताना झाकलेला. गार झालेल्या काढ्यात वरून कच्चं पाणी घालून वाढवायचं नाही. पन्नास पैसे वाचवायला जाल आणि गावातली दहा पोरं दवाखान्यात पोचतील.

साचा काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी सुमारे एक-दशांश फुगतं. तासाभराने कड धरली की मधे काडी रोवा. काडी बांबूची किंवा लाकडाची. आईस्क्रीमच्या प्लास्टिकच्या काड्यांना 1 जुलै 2022 पासून देशात बंदी आहे. घरच्या लहान फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एका रात्रीत तीस-चाळीस कांड्या जमतात, त्याहून जास्त कोंबल्या तर एकही धड जमत नाही. रात्री लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. वितळून पुन्हा गोठलेली कांडी रवाळ होते, ती विकू नका.

फ्रिज नाही? जुना कुल्फीवाला फ्रिजवर कुल्फी करत नव्हता. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा. आत बारीक फोडलेला बर्फ तीन भाग आणि खडे मीठ एक भाग, थरावर थर. मिठाने बर्फ वितळायला लागतो आणि वितळताना शून्याच्या पुष्कळ खाली गार होतो. त्यात झाकणाचे साचे पुरून ठेवले की तासा-दीडतासात कांडी तयार. खरं तर ही कांडी फ्रिजच्या कांडीपेक्षा मऊ होते, कारण झटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. काढा एक लिटर असेल तर बर्फ तीन किलो धरा. हा बर्फ कारखान्यातला, खाण्याचा नव्हे. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 साली आला, तो याचसाठी. त्याचं खारट पाणी साच्यात शिरता कामा नये आणि कांडी काढण्याआधी साचा बाहेरून चांगल्या पाण्याने धुवायचा.

दुधात अंबाडी टाकू नका, दूध फाटेल. दुधाची करायची तर नुसता गवती चहा दुधात उकळा, वेलची टाका, आटवा आणि गोठवा. ज्यांच्या घरी दूध उरतं त्यांनी करावी. आपल्याकडे दूध उरणारी घरं किती, ते तुम्हाला माहीत आहे.

औषध म्हणून ही कांडी विकायची नाही. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून ज्यांना बी.पी.ची गोळी चालू आहे त्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारून खावी. ऊन लागलेल्या माणसाला कांडी देऊन बसू नका. त्याला सावली, मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना.

आता हिशेब

एका गटातल्या बाईने मला सांगितलं, "ताई, दोन रुपयांत पडते, पाचला विकते, तीन रुपये नफा." मी म्हटलं, वही काढ. आकडे तुमच्या गावचे वेगळे असतील, मी समजा म्हणून सांगते. साठ मिलीच्या शंभर कांड्या, म्हणजे सहा लिटर काढा. साखर एक किलो, 45 रुपये. पाकळी 180 ग्रॅम. घरची असली तरी फुकट नाही, किलोला 200 धरा, म्हणजे 36. आलं-लिंबू 10. काड्या 30. सरपण आणि वीज 30. फ्रिजची झीज 20. झाले 171. दहा कांड्या फुटतात, वितळतात, पोरं खातात. विकायला राहिल्या 90. एकीला पडले 1 रुपया 90 पैसे. इथपर्यंत तिचा हिशेब बरोबर होता.

मग मी विचारलं, तुझी मजुरी? ती हसली. म्हणाली, "माझी कसली मजुरी, घरचंच काम."

भावांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. कापसाचा उत्पादन खर्च काढताना सरकार घरच्या माणसांची मजुरी नीट धरत नाही, म्हणून आपण किती वर्षं भांडतोय? आणि आपल्याच घरात, आपल्याच वहीत, बाईच्या मजुरीसमोर शून्य लिहिलं जातं. काढा, गाळणं, साचे धुणं, भरणं यात तीन तास, विकण्यात दोन तास. निंदणाला गेली असती तर सहा तासांचे 300 धरा, तासाला 50. पाच तासांचे 250. 171 मध्ये मिळवा, 421 झाले. भागिले 90. कांडी पडली 4 रुपये 68 पैशांना. पाचला विकली तर साऱ्या दिवसाचा नफा 29 रुपये.

मग करू नये का? करावी. वैशाखात निंदण नसतं, तेव्हा सावलीत बसून 250 रुपये मजुरी सुटली तर ती वाईट नाही. पण तिला मजुरी म्हणा, नफा म्हणू नका. नफा हवा तर कांडी मोठी करा. नव्वद मिलीच्या शंभर केल्या तर साखर, पाकळी, सरपण दीडपट लागतं. काड्या, झीज आणि वेळ तेवढाच. खर्च 171 चा 232 होतो, मजुरी धरून 482. नव्वद कांड्या दहा रुपयांनी गेल्या तर 900. हातात 418 वर राहतात, मजुरी वेगळी. दहाची कांडी शाळेपुढे खपणार नाही. ती लग्नात, हळदीत, बाजाराच्या दिवशी खपते. तिथे वाढप्याला पैसे देणारी माणसं असतात. आणि डीप फ्रीजर घ्यायला कर्ज काढू नका. दोन उन्हाळे घरच्या फ्रिजवर आणि मिठाच्या बादलीवर काढा, वही ठेवा, मग वहीला विचारा.

कायद्याचं थोडं. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. करून घ्या, साहेबाला बोलायला जागा नको. वेष्टनावर चहा हा शब्द लिहू नका. चहाच्या झाडापासून केलं नसेल त्याला चहा म्हणायचं नाही, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2025 मध्ये स्पष्ट केलंय. आपल्याला काय, काढा म्हणू. सरबत म्हणू. जीएसटीची भीती धरू नका, आपली उलाढाल त्यांच्या मर्यादेच्या जवळपासही नाही. पण एक गंमत ऐका. 2017 साली जीएसटी आला तेव्हा लहान उत्पादकांसाठी एकठोक कर भरण्याची सोपी वाट ठेवली. त्या वाटेवरून कोणाला मनाई केली? पान मसालावाल्याला, तंबाखूवाल्याला आणि आईस्क्रीम किंवा खाण्याचा बर्फ करणाऱ्याला. गुटखा आणि गारेगार एका पंगतीला! (हशा) कर होता 18 टक्के, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. दिल्लीत बसून यादी करणाऱ्याच्या डोळ्यापुढे कंपनीचं आईस्क्रीम असतं, चुलीपुढची बाई नसते.

राहिला पैसा कोणाच्या हातात, हा प्रश्न. कांडीचा पैसा ज्या बाईने कांडी केली तिच्या डब्यात राहील, एवढं घरोघर आधी ठरवून घ्या. बियाण्याला उसने लागले तर तिच्याकडून मागून घ्या आणि वहीत लिहा. बँकेला जसं लिहून देता, तसंच.

लाल अंबाडीचं बी मी सोबत आणलंय, बाहेर टेबलावर पुड्या ठेवल्यात. एका पुडीत तीस झाडांपुरतं आहे. दोन-दोन पुड्या उचलू नका, सगळ्या गावांना पुरलं पाहिजे. घेताना नाव आणि गाव वहीत लिहा, कारण मार्गशीर्षात पाकळी किती निघाली ते मी विचारायला येणार आहे. आणि टेबलाशेजारी बादली आहे, तिच्यात साठ कांड्या आहेत, मिठाच्या बर्फात जमवलेल्या. फुकट नाहीत, पाच रुपये. पैसे ज्या तिघींनी काल दुपारी बसून केल्या त्यांच्या हातात द्या.